हवा म्हणजे हवा

१

अहवाल आधीच टाइप करून ठेवला होता. तपासनीस बाईंनी फक्त सही करायची होती.

‘मयत कामगाराने भुकटी मोजताना घालायच्या टोपाची नळी हवेच्या तोंडाला जोडण्याऐवजी नायट्रोजनच्या तोंडाला जोडली. गुदमरून जागीच मृत्यू. कारण : कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा.’ खाली सहीची रेघ, आणि रेघेशेजारी टोपण काढून ठेवलेलं पेन.

त्या उघड्या पेनानेच बाईंचं डोकं फिरलं. कारखान्यांच्या सुरक्षेची तपासणी करता करता त्यांचे केस पिकले होते. कचेरीत त्यांना मागे ‘लवंगी’ म्हणत, कारण लवंगी फटाका दिसतो एवढासा, पण हातात फुटला की कळतं. मेलेल्याच्या माथी खापर फोडायची रीत त्यांना नवी नव्हती. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, साक्षीदार आणत नाही, त्याच्याइतका सोयीचा गुन्हेगार दुसरा नाही.

“आधी खोली बघते,” त्या म्हणाल्या.

“त्यात बघायचं काय?” समोरचा उत्पादनप्रमुख म्हणाला. आवाजामुळे कामगारांनी त्याचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं, आवडतही होतं. “पिवळ्या तोंडातून नायट्रोजन येतो, निळ्या तोंडातून हवा. आम्ही तपासलंय. निळं-पिवळं न कळणाऱ्या माणसाला आम्ही काय करणार?”

“मीही तपासते. तुम्हाला अडचण का वाटावी?”

“आमच्याकडे ‘का’ चालत नाही, बाई.” तो हसला. “सांगितलं की करायचं. ‘का’ विचारणाऱ्याला काम टाळायचं असतं, हा माझा आजवरचा अनुभव.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठल्या.

खोली पांढरीशुभ्र होती. मधोमध माणसाच्या उंचीची स्टीलची टाकी, कोपऱ्यात भुकटी मोजायचा काटा, आणि भिंतीत ओळीने तीन तोंडं : एकाच पाइपावरची दोन पिवळी, आणि वेगळ्या पाइपावरचं एक निळं. इथे एक इंजेक्शन बनत असे. कशाची तरी ऍलर्जी होऊन ज्याचा श्वास कोंडतो, त्याला ते टोचतात आणि माणूस परत येतो. पण हे औषध मोठं नाजूक. हवेतला प्राणवायू त्याला लागला की ते नासतं. म्हणून टाकीतल्या पाण्यातून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून प्राणवायू हाकलून लावायचा, औषध तयार झालं की त्यावर नायट्रोजनचंच पांघरूण घालायचं, आणि काचेच्या कुपीत भरल्यावर, तोंड वितळवून बंद करायच्या आधी, तिच्यातही नायट्रोजनची फुंकर मारायची. जो वायू औषधाला जगवतो तो माणसाला मात्र दोन श्वासांत आडवा करतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो झोंबत नाही की खोकला आणत नाही. श्वास चालूच असतो, फक्त त्यात काही नसतं.

“टाकीची नळी या पहिल्या पिवळ्या तोंडात होती, जशी असायला हवी तशी,” तोफ दाखवत होता. “आणि त्याच्या टोपाची नळी या दुसऱ्या पिवळ्यात. निळं रिकामं. मी स्वतः पाहिलं. आत पहिला मीच आलो, टोप मीच ओढून काढला.”

“आणि तिन्ही तोंडांचा खटका एकसारखाच? कुठलीही नळी कुठेही बसते?”

“नवे खटके मागवलेत. येतील.”

“माणूस गेला, आता येतील,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून प्राणवायू मोजायचं यंत्र काढलं आणि एकेका तोंडासमोर धरलं. पिवळं, पिवळं, निळं. पिवळ्यांतून निव्वळ नायट्रोजन आणि निळ्यातून स्वच्छ हवा येत होती. तोफेचं म्हणणं यंत्राने शब्दशः खरं केलं.

“झालं समाधान?”

“टाकीत काय होतं?”

“आदल्या दिवशीचं तयार औषध. फक्त कुपीत भरायचं राहिलं होतं. सांडून दिलं सगळं. जिथे माणूस मेला त्या खोलीतलं औषध कुणाला टोचायचं, तुम्हीच सांगा? आम्हालाही मन आहे.”

टाकी खरोखरच घासूनपुसून लख्ख केली होती. शेजारच्या मांडणीवर तिचे सुटे भाग धुऊन वाळत ठेवले होते. झाकणाखाली बसणाऱ्या रबरी गॅस्केटची चळत होती, सगळ्या पांढऱ्या, फक्त एक मोठी फिकट गुलाबी. बाईंनी ती सहज हातात घेतली, परत ठेवली.

बाहेर येताच बोळात एक कामगार बाई उभी होती. अंगावर कारखान्याचा निळा झगा, डोळे सुजलेले, पण मान ताठ. कुप्या उजेडासमोर धरून त्यांत कचरा दिसतोय का ते बघायच्या कामावर ती होती, आणि मेलेला माणूस तिचा नवरा होता. सगळा कारखाना त्याला ‘दादा’ म्हणायचा, म्हणून तिला ‘वहिनी’.

“सही केलीत?” तिने विचारलं.

“नाही अजून.”

“मग ऐका. उद्या सकाळी सगळ्या पाळ्यांना अंगणात उभं करून हे वाचून दाखवणार आहेत. ‘अपघातातून धडा’ म्हणून. वर यांचा फोटो. इथल्या निम्म्या माणसांना यांनी नळी जोडायला शिकवलंय, बाई, हात धरून शिकवलंय. आणि उद्या तीच माणसं मान खाली घालून ऐकणार, की दादाला निळं-पिवळं कळलं नाही.” तिचा आवाज फाटला. “गेला तो गेला. तो काही परत येत नाही. पण मेलेल्या माणसाला मूर्ख ठरवायचा अधिकार या लोकांना कुणी दिला?”

२

फिटर दुरुस्तीच्या शेडमध्ये एका स्टुलावर बसला होता. हातात पाना, पण समोर काम काही नव्हतं. दुसऱ्या विभागातून तो नुकताच इकडे आला होता.

“अपघाताच्या आदल्या दुपारी भिंतीमागचे पाइप तुम्ही काढले होते,” बाई म्हणाल्या.

“हो. गळत होते. काढले, बदलले, परत जोडले.”

“बरोबर जोडले?”

“साहेबांना फोनवर विचारून जोडले.” तो पान्याकडेच बघत होता. “त्यांनी जे सांगितलं तेच केलं. शब्दाबाहेर नाही गेलो. आईशपथ.”

“काय सांगितलं त्यांनी?”

“म्हणाले, ‘हवा म्हणजे हवा!’ अस्से ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला.”

“आणि जोडल्यावर यंत्र लावून तपासलं नाही?”

“साहेब म्हणाले, वेळ नाही, उद्या बघू.” आणि तो एकदम उठला. “मला आणखी काही विचारू नका. मला दोन पोरं आहेत.”

बाईंनी त्याला जाऊ दिलं. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून तोंड उघडत नसतं, मिटतं. त्या तडक तोफेकडे गेल्या.

“फिटरशी बोलणं झालं होतं ना तुमचं पाइपांबद्दल?”

“झालं होतं की. मी स्पष्ट सांगितलं, टाकीकडच्या पाइपाला नायट्रोजन हवा.” तो जराही अडखळला नाही. “चार माणसं होती माझ्या खोलीत, बोलवा आणि विचारा. सगळ्यांनी ऐकलंय.”

बाईंनी विचारलं. चौघांनीही तेच सांगितलं. चार मुखांची एक जीभ झाली की बाईंना नेहमी संशय येई, पण ही माणसं वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या शब्दांत, न गोंधळता बोलत होती. साहेब टाकीला नायट्रोजन मागत होते, हे खोटं वाटत नव्हतं. आणि फिटरची आईशपथही खोटी वाटत नव्हती. एकाच फोनवर एक म्हणतो नायट्रोजन, दुसरा म्हणतो हवा, आणि दोघेही खरे! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

शेवटी राहिली प्रयोगशाळेतली केमिस्ट मुलगी. दादाला पडताना पाहणारी तीच. दाराच्या काचेतून तिने पाहिलं होतं.

“सकाळची पाळी सुरू झाली होती. दादा टोप घालून आत गेले. पुढच्या मालाची भुकटी मोजायची होती. नळी जोडली, दोन पावलं टाकली आणि बसलेच. मला वाटलं काही पडलं म्हणून वाकले.” ती हातातला रुमाल पिळत होती. “मग आडवे झाले. मी घंटा वाजवली. साहेब धावत आत गेले. मला म्हणाले, डॉक्टरला फोन कर. फिटरही आला होता, त्याला म्हणाले, स्ट्रेचर आण.”

“म्हणजे तुम्ही दोघं गेलात. आत कोण राहिलं?”

“साहेब. दुसरं कोणी नव्हतं.”

“दादांनी नळी कुठल्या तोंडात लावली होती?”

“काचेतून त्यांची पाठच दिसते, मॅडम. भिंत दिसत नाही.”

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला. इतका बारीक, की पंख्यात विरून जावा.

“मॅडम, टाकीतलं औषध फेकलं ते ठीक. पण साहेबांनी माझ्याकडे नमुनाही मागितला. भरण्याआधी मी टाकीतून थोडं काढून ठेवते, रंग बघायला. म्हणाले, तोही सांडून दे.”

“मग सांडलात?”

“मी हो म्हणाले.” तिने आधी दाराकडे बघितलं, मग बाईंकडे. “सांडला नाही. मला कळलंच नाही असं का सांगतायत ते. आणि इथे ‘का’ विचारायची तर सोय नाही.”

“कधी काढला होतात हा नमुना?”

“त्या दिवशी सकाळी, आल्या आल्या. दादा तेव्हा अजून कपडे बदलत होते.”

तिने खण ओढला, रुमालांच्या घडीखालून एक बंद काचेची कुपी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आदल्या दिवशी पाण्यासारखं असलेलं औषध गुलाबी झालं होतं. “काढला तेव्हाच असा होता,” ती म्हणाली, “हवा लागून नासलं की हाच रंग येतो.”

३

वहिनींच्या घरी पोचेपर्यंत बाईंच्या डोक्यात ती गुलाबी कुपी आणि ती गुलाबी गॅस्केट एकमेकींशी भांडत होत्या. वहिनींना भेटायचं कारण एकच होतं.

“टाकीची मोठी गॅस्केट कुठल्या रंगाची असते?”

“पांढरी,” वहिनी दारातच म्हणाल्या. “सगळ्या पांढऱ्याच असतात, डाग पडला तर कळावा म्हणून. का हो?”

बाई आत येऊन बसल्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर दादाचा फोटो, अजून त्याच्यासमोर हसावं की रडावं हे घराला ठरवता आलेलं नव्हतं. त्यांची शाळकरी मुलगी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती, पान मात्र उलटत नव्हती. आतल्या खोलीत दादाची आई पडून होती. म्हातारीला कमी ऐकू यायचं आणि जास्त बोलायचं असायचं.

टाकीची नळी रात्रभर पिवळ्या तोंडात होती. औषध सकाळी गुलाबी निघालं. म्हणजे पिवळ्या तोंडातून रात्रभर हवा येत होती. इथपर्यंत बाईंचा पाय कुठे घसरत नव्हता. पाइप उलटे जोडले गेले होते. पण उलटे जोडले का? तोफेला टाकीत नायट्रोजन हवा होता, नाहीतर त्याचाच माल नासला असता. फिटरचं दादाशी वैर असायचं कारण नव्हतं, तो तर या विभागात नवा. वेड्यासारखं कुणी मुद्दाम कशाला करेल?

खोलीत कोंदट होतं. बाईंच्या कपाळावरचा घाम बघून वहिनी उठल्या आणि एक हात खिडकीच्या कडीवर ठेवून त्यांनी विचारलं, “आधी काय करू? चहा का हवा?”

आतून म्हातारी कडाडली, “‘का हवा’ म्हणजे? पाहुणीला असं विचारतात? दारी आलेल्या माणसाला चहा हवा म्हणजे हवा! का म्हणे!”

“अहो आई, चहा देऊ का खिडकी उघडू असं विचारतेय मी,” वहिनी वैतागून म्हणाल्या. “यांना नं, निम्मं ऐकू येतं आणि पुरं रागवायचं असतं.”

मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदा फिसकन हसली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून अर्धवट उठल्या होत्या आणि तशाच थांबल्या होत्या, जणू कुणी पदर धरलाय.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तेच. आत्ता म्हणालात ते. अगदी तस्संच.”

वहिनींना काही कळेना. “चहा का हवा?”

“वहिनी, चहा पुन्हा केव्हातरी,” बाई म्हणाल्या आणि चपला पायात सरकवत बाहेर पडल्यासुद्धा.

४

फिटर अजून शेडमध्येच होता. पाळी संपून गेली होती, पण घरी जायला त्याचा पाय निघत नव्हता.

“साहेब काय म्हणाले ते तुम्ही सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “मी मूर्ख, मी दुसरं विचारलंच नाही. त्याच्या आधी तुम्ही काय विचारलं होतं?”

“मी?”

“हो, तुम्ही. फोनवर. शब्द न शब्द सांगा.”

“भिंतीमागे नुसते स्टीलचे पाइप, मॅडम, रंग नाही काही नाही. मी या विभागात नवीन. मधे एकदा ही टाकी वाळवायला हवेवर चालवली होती, ते मी बघितलं होतं. म्हणून विचारलं.” त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. “म्हटलं, साहेब, टाकीकडच्या पाइपाला नायट्रोजन का हवा?”

“म्हणजे दोन्हींपैकी कुठलं, असं.”

“हो. नायट्रोजन का हवा. चहा का कॉफी म्हणतो तसं. तर साहेब भडकलेच. ‘हवा म्हणजे हवा! नसते प्रश्न विचारू नकोस!’ आणि फोन आपटला. मी टाकीला हवा दिली. उरलेला पाइप निळ्या तोंडाला.”

बाईंनी डोळे मिटले. त्या माणसाच्या कानात ‘का’चा एकच अर्थ शिल्लक राहिला होता. नायट्रोजन का हवा, म्हणजे कशाला हवा? हा कोण टिकोजीराव मला कारण विचारणारा? हवा म्हणजे हवा! त्याने खरंच नायट्रोजन मागितला होता, आणि याने खरंच हवा ऐकली होती.

“परत विचारलं का नाहीत?”

“त्यांना? दुसऱ्यांदा?” फिटर कसनुसं हसला. ते हसणं बघून बाईंना रडू आलं असतं, पण आला तो संताप.

“आणि पाइप परत सरळ कधी केलेत?”

त्याने पाना खाली ठेवला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यालाही कळलं होतं.

“दादा गेले त्याच दुपारी. साहेबांनी मागे बोलावलं. म्हणाले, तू उलटं जोडलंस, तू मारलंस त्याला. गुपचूप सरळ कर. तोंड उघडलंस तर तू आत, तुझी पोरं रस्त्यावर. मीच मारलं हो, मॅडम. मला शिकवलं होतं त्यांनी नळी जोडायला. पहिल्या दिवशी. हात धरून.” आणि तो मोठ्ठा माणूस गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागला.

“उद्या अंगणात या,” बाई म्हणाल्या. “आणि मान वर करून या. तुमचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, ते मी टाळू शकत नाही. पण दुसऱ्याचं तुमच्या नावावर लिहू देणार नाही.”

५

सकाळी अंगणात सगळ्या पाळ्या उभ्या होत्या. फळ्यावर दादाचा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘अपघातातून धडा’. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना घरी थांबायला सांगितलं होतं, पण त्या आल्या होत्या, आणि मुलीलाही घेऊन आल्या होत्या.

तोफेने कागद उलगडला, घसा साफ केला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “त्या कागदावर माझी सही नाही. वाचायच्या आधी मला तीन-चार गोष्टी विचारू द्या.”

“आत्ता? इथे?”

“बदनामी इथे करणार होतात ना? मग खुलासाही इथेच.” बाईंनी आवाज चढवला नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. “दादा कशाने गेले?”

“नायट्रोजनने. लिहिलंय ना.”

“टोपाची नळी पिवळ्या तोंडात होती म्हणून. तुम्ही स्वतः पाहिलंत.”

“हो.”

“आणि टाकीची नळीही पिवळ्यात. आदल्या दुपारपासून.”

“हो म्हटलं ना!”

बाईंनी पिशवीतून कुपी काढली आणि वर धरली. सकाळच्या उन्हात ती लांबूनही दिसली. या अंगणात उभ्या असलेल्या कुणालाही त्या रंगाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांचा जन्म तो रंग टाळण्यात गेला होता. रांगांमधून एक कुजबुज सरकत गेली.

“टाकीतला नमुना आहे. दादा कामाला लागायच्या आधी काढलेला. तुम्ही सांडायला लावलात, पण सांडला नाही. टाकीच्या गॅस्केटलाही हाच रंग चढलाय, धुऊनही गेलेला नाही. नायट्रोजनखाली ठेवलेलं औषध गुलाबी होत नाही. म्हणजे त्या दिवशी पिवळ्या तोंडातून नायट्रोजन येतच नव्हता. हवा येत होती.”

“कुठल्यातरी कुपीवरून—”

“आता जरा विचार करा, साहेब. पिवळ्यातून हवा येत होती. आणि तुम्ही म्हणता, दादांची नळी पिवळ्यात होती. मग ते हवा घेत होते. हवा घेणारा माणूस मरतो का?”

बाईंनी कुपी परत पिशवीत ठेवली.

“ते मेले, नायट्रोजनने मेले, हे तुम्हीच लिहिलंय. त्या दिवशी नायट्रोजन एकाच तोंडातून येत होता, निळ्या. म्हणजे दादांनी नळी निळ्यातच लावली होती. जिथे लावायची तिथेच. जशी तुम्हा सगळ्यांना शिकवली तशीच.” बाई रांगांकडे वळल्या होत्या, आता परत तोफेकडे वळल्या. “मग ती पिवळ्यात आली कशी? मेलेला माणूस उठून नळी बदलत नाही. डॉक्टरला फोन करायला एकीला पाठवलंत, स्ट्रेचरला दुसऱ्याला. त्या खोलीत दादा होते आणि तुम्ही होता.”

तोफेचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. “पाइप त्याने उलटे जोडले!” त्याने फिटरकडे बोट केलं. “मी नायट्रोजन सांगितला होता. साक्षीदार आहेत माझे!”

“सांगितला होतात. खरं आहे. त्याने विचारलं, नायट्रोजन का हवा? त्याला विचारायचं होतं, दोन्हींतलं कुठलं. तुम्हाला ऐकू आलं, कशाला. कारण तुमच्या कारखान्यात ‘कशाला’ विचारणं हा गुन्हा आहे. तुम्ही ओरडलात, हवा म्हणजे हवा. त्याने हवा जोडली.”

“म्हणजे एका शब्दाची चूक! माझी एकट्याची नाही, दोघांची! गैरसमज झाला, गैरसमजाला कोण काय करणार?”

“जोडल्यावर यंत्र लावायचं. तुम्ही वेळ नाही म्हणालात. बरं, तीही घाई समजू. कोर्ट बघेल, कुणाची किती.” आता मात्र लवंगी फुटली. “पण नळी शब्दाने नाही हलली! ती हाताने हलली! तुमच्यासमोर माणूस पडला होता. अंग अजून ऊन होतं. तुम्ही निळ्यातली नळी बघितलीत, सगळं कळलं तुम्हाला त्याच क्षणी. तोंडात श्वास फुंकायचा, छाती दाबायची, ओरडायचं, काहीही करायचं. तुम्ही काय केलंत? उठून नळी बदललीत! जगला तर जगला, मेला तर त्याचीच चूक! इथे श्वास कोंडलेल्या माणसांसाठी औषध बनतं हो, आणि इथेच!”

त्यांचा आवाज चिरकला, आणि त्यांनी तो तसाच चिरकू दिला. फाटकाशी बाईंनी बोलावलेली पोलिसांची गाडी येऊन थांबली होती. तोफेने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एरवी त्याच्या नजरेला नजर न देणारी सगळी माणसं आज सरळ त्याच्याकडे बघत होती.

फिटर पुढे झाला. कुणाला काही न विचारता त्याने फळ्यावरचा ‘अपघातातून धडा’ टरकन फाडला. फोटो मात्र हलक्या हाताने काढला आणि दादाच्या मुलीच्या हातात दिला. त्याला वहिनींकडे बघवेना. वहिनींनीही त्याला जवळ घेतलं नाही, की दूर ढकललं नाही. तेवढी ताकद त्यांच्यात अजून आली नव्हती. मुलीने फोटो छातीशी धरला.

मग वहिनी चालत तोफेपर्यंत गेल्या. त्याच्यापेक्षा त्या हातभर बुटक्या होत्या, त्यामुळे मान वर करावी लागली.

“का?” त्यांनी विचारलं.

त्या अंगणात, इतक्या माणसांसमोर, त्याला हा शब्द आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने तोंड उघडलं, मिटलं. पोलिसांनी दंडाला धरलं तेव्हा तो जवळजवळ घाईनेच त्यांच्याबरोबर निघाला.

“का?” वहिनींनी त्याच्या पाठीला पुन्हा विचारलं. या वेळी त्या एकट्या नव्हत्या. मागून फिटर, मग ती प्रयोगशाळेतली मुलगी, मग एकेक रांग, एवढी वर्षं गिळलेला तो शब्द तोंडातून काढत होती. गाडीचं दार लागेपर्यंत तो त्याला ऐकू येत राहिला, आणि या खेपेला चुकीचा ऐकू यायची काही सोय नव्हती.